उबुंटू २२.०४ वरून २४.०४ ला गेल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाही: अननोन-ब्लॉक(०,०)

प्रश्न – रिकामाप्रॉम्प्ट

लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ होतं. डिस्क एनक्रिप्टेड, आत एलव्हीएम (डिस्कचे लवचीक भाग पाडणारी व्यवस्था), आणि /बूट (सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा भाग) वेगळं, साधारण ७०० एमबीचं. डू-रिलीज-अपग्रेडने २४.०४ ला जाताना शेवटच्या टप्प्यात /बूटमध्ये जागा संपल्याची तक्रार आली आणि अपग्रेड अर्धवट झाल्याचा संदेश दिसला. जागा करण्यासाठी /बूटमधल्या ५.१५ या जुन्या कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) दोन्ही इनिटआरडी फायली आरएम कमांडने उडवल्या आणि रीस्टार्ट केलं.

ग्रबचा (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू दिसतो. ६.८ हा नवा कर्नल निवडला तर थेट असं येतं:

कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ५.१५ निवडलं तर आधी इनिटआरडीची फाइल सापडत नाही असं ग्रब म्हणतं, कळ दाबली की पुन्हा तेच पॅनिक. पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी पोचतच नाही. लाइव्ह यूएसबी हाताशी आहे. ग्रब पुन्हा बसवू, की सरळ नव्याने इन्स्टॉल करू?

उत्तर – बूटसेक्टर

दोन्ही नको. मेनू दिसतोय आणि कर्नल मेमरीत चढून पॅनिक होण्याइतका चाललाय, म्हणजे ग्रबने आपलं काम चोख केलंय. डेटाही जागेवर आहे. नाही ती फक्त इनिटरामएफएस, म्हणजे रूट (मुख्य फाइलसिस्टीम) सापडेपर्यंत कर्नल वापरतो ती छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम; ती इनिटआरडी फाइलीत असते.

घडलं ते असं. नव्या कर्नलचं पॅकेज आलं, त्याची व्हीएमलिनझ (खुद्द कर्नलची) फाइल /बूटमध्ये बसली, पण इनिटआरडी तयार होताना जागा संपली. ग्रबची यादी बनवणाऱ्या स्क्रिप्टला ती फाइल दिसली नाही, म्हणून ६.८ च्या नोंदीत इनिटआरडीची ओळच नाही. एनक्रिप्टेड डिस्क उघडणं, एलव्हीएम शोधणं, पासवर्ड विचारणं हा सगळा कारभार इनिटरामएफएसमध्ये असतो. ती नसली की कर्नलला रूट कुठे आहे हे कळायला मार्ग नाही; (०,०) चा अर्थ तोच. आणि ५.१५ ची चांगली इनिटआरडी तुम्ही स्वतःच उडवलीत, त्यामुळे परतीची वाटही बंद झाली.

लाइव्ह यूएसबी यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) मोडमध्येच सुरू करा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी दिसली की मोड बरोबर आहे. मग:

सुडो -आय
एलएसबीएलके -एफ

यात तीन भाग दिसतील: व्हीफॅट म्हणजे ईएफआय, एक्स्ट४ म्हणजे /बूट, आणि क्रिप्टो_लक्स म्हणजे एनक्रिप्टेड भाग. खाली ते पी१, पी२, पी३ असे धरलेत, तुमच्याकडचे क्रमांक ताडून घ्या. एलव्हीएमच्या व्हॉल्यूम ग्रुपचं नाव व्हीजीउबुंटू धरलंय. डिस्क उघडल्यावर एलव्हीएस चालवून तेही बघा.

क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट
व्हीजीचेंज -एवाय
माउंट /डेव्ह/व्हीजीउबुंटू/रूट /एमएनटी
माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी/बूट
माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय

पी२ चा माउंट विसरलात तर नवी इनिटआरडी रूटमधल्या रिकाम्या /बूट डिरेक्टरीत जाऊन बसेल. कुठेही एरर येणार नाही आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तेच पॅनिक. म्हणून सीएचरूटमध्ये (डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत) गेल्यावर पहिली कमांड डीएफ -एच /बूट हीच, आणि तिच्यात पी२ दिसलंच पाहिजे.

त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन या चारही डिरेक्टऱ्या आत जोडा. एकीचा नमुना देतो, बाकी तीन तशाच:

माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --मेक-आरस्लेव्ह /एमएनटी/डेव्ह

आरस्लेव्हची ओळ गाळू नका. ती नसेल तर शेवटी यूमाउंट -आर करताना लाइव्ह सिस्टीमचेच माउंट निघून जातात. रन जोडायचं कारण वेगळं: रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल रनमधल्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक असते, म्हणून रन नसेल तर आत डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणं) चालत नाही आणि पॅकेजं आणणारं एपीटी रडत बसतं.

सीएचरूट /एमएनटी
डीएफ -एच /बूट
एलएस /लिब/मॉड्यूल्स

दुसऱ्या यादीतून ६.८ ची पूर्ण आवृत्ती टिपून घ्या. इथे युनेम -आर वापरू नका, सीएचरूटमध्येही ती लाइव्ह यूएसबीच्याच कर्नलची आवृत्ती सांगते. /बूटमध्ये .न्यू शेपटीची अर्धवट इनिटआरडी पडली असेल तर ती काढा. १५० ते २०० एमबी मोकळे दिसले तर पुढे:

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
एपीटी -एफ इन्स्टॉल
अपडेट-इनिटरामएफएस -सी -के ६.८.०-एक्सएक्स-जेनेरिक
अपडेट-ग्रब

एक्सएक्सच्या जागी तुमचा आकडा. "-के ऑल" तूर्तास टाळा. जुन्या कर्नलच्या इनिटआरडीही बनायला लागतील आणि /बूट परत तुडुंब. अपडेट-ग्रबच्या आउटपुटमध्ये ६.८ साठी "फाउंड लिनक्स इमेज"च्या खाली "फाउंड इनिटआरडी इमेज" आलं पाहिजे. ती दुसरी ओळ दिसेपर्यंत रीस्टार्ट करायचं नाही.

उत्तर – डीकेएमएस_त्रस्त

वरच्यात एक भर. डीपीकेजी --कॉन्फिगर -ए मध्येच अडकलं तर लगेच जागेला दोष देऊ नका. एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल नव्या कर्नलवर कंपाइल झालं नाही की कर्नलचं पॅकेजही अर्धवट राहतं. अशी मॉड्यूल्स प्रत्येक कर्नलसाठी बनवतं ते डीकेएमएस; /व्हार/लिब/डीकेएमएस मध्ये त्या मॉड्यूलच्या बिल्ड डिरेक्टरीत मेक.लॉग असतो, खरा एरर त्यात. डीकेएमएस स्टेटस बघा, अडलेलं मॉड्यूल डीकेएमएस रिमूव्हने काढा, कर्नल पूर्ण बसू द्या. ड्रायव्हर नंतर नव्या आवृत्तीत टाकता येतो.

पॅनिक गेलं पण स्क्रीन काळीच राहिली, तर ते दुखणं वेगळं आहे. ग्रब मेनूत त्या नोंदीवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो. आणि सिक्युअर बूट चालू असताना ड्रायव्हर टाकलात तर रीस्टार्टला निळ्या पडद्यावर एमओके (मॉड्यूलवरची सही तपासायची किल्ली) एनरोल करायला विचारतील. घाईत कंटिन्यू दाबलं की मॉड्यूल लोड होत नाही, आणि मग लोक ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडतात.

रिकामाप्रॉम्प्ट

डीपीकेजी सुरळीत झालं, /बूटमध्ये २८० एमबी मोकळे आहेत. पण इनिटरामएफएस बनवताना ही ओळ आली:

क्रिप्टसेटअप: वॉर्निंग: टार्गेट 'लक्स-३एफ…' नॉट फाउंड इन /ईटीसी/क्रिप्टटॅब

फाइल तयार झाली, अपडेट-ग्रबला दिसलीही. नुसती वॉर्निंग आहे, रीस्टार्ट करू का? एक सांगायचं राहिलं, डिस्क मी लाइव्ह डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरमधून क्लिक करून उघडली होती.

उत्तर – बूटसेक्टर

थांबा! नावाला वॉर्निंग, पण या दुरुस्तीतला सगळ्यात मोठा खड्डा हाच.

फाइल मॅनेजर एनक्रिप्टेड डिस्क उघडताना तिला लक्स आणि पुढे यूयूआयडी (त्या डिस्कचा ओळख क्रमांक) असं स्वतःच्या मनाचं नाव देतो. इनिटरामएफएस बनवणारी स्क्रिप्ट रूट कोणत्या मॅपिंगवर (उघडलेल्या डिस्कला दिलेल्या नावावर) आहे ते बघते आणि त्याच नावाची ओळ क्रिप्टटॅबमध्ये (एनक्रिप्टेड डिस्कांच्या यादीत) शोधते. सापडली नाही तर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जाते, आणि त्या डिस्कची नोंद इनिटआरडीत टाकतच नाही. रीस्टार्ट केलंत तर पॅनिक जाईल, पण पासवर्ड कोणी विचारणार नाही. बराच वेळ थांबून रूट सापडत नसल्याची तक्रार येईल आणि बिझीबॉक्सचा (आणीबाणीच्या छोट्या शेलचा) इनिटरामएफएस प्रॉम्प्ट समोर उभा राहील.

आधी कॅट /ईटीसी/क्रिप्टटॅब करा. ओळीतला पहिला शब्द हेच खरं नाव. बहुधा एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट असेल, पण फाइल सांगेल तेच प्रमाण. मग एक्झिट करून बाहेर या आणि सगळं उलट्या क्रमाने सोडवा:

यूमाउंट -आर /एमएनटी
स्वॅपऑफ -ए
व्हीजीचेंज -एएन व्हीजीउबुंटू
क्रिप्टसेटअप क्लोज लक्स-३एफ…

शेवटच्या कमांडला यूयूआयडीसकट पूर्ण नाव द्या. व्हॉल्यूम वापरात असल्याचं सांगत क्लोज होऊ दिलं नाही, तर डिस्क फाइल मॅनेजरमध्येही उघडी असणार. तिथून इजेक्ट करा. मग क्रिप्टटॅबमधल्या नावाने पुन्हा उघडा आणि माउंटपासून सगळं परत. डीएमसेटअप रीनेमने चालू मॅपिंगचं नावही बदलता येतं, पण या घडीला नव्याने उघडणं जास्त सरळ.

इनिटआरडी परत बनवली की आत डोकावून खात्री करा:

एलएसइनिटरामएफएस /बूट/इनिटआरडी.आयएमजी-६.८.०-एक्सएक्स-जेनेरिक | ग्रेप क्रिप्टरूट

क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब ही ओळ दिसली की झालं. फाइल असूनही ती रिकामी असू शकते, म्हणून आधीची वॉर्निंग गेली आहे ना हे आउटपुटमध्ये डोळ्यांनी वाचा.

उत्तर – पार्टिशनपुराण

सुरू झाल्यावर लगेच दोन गोष्टी. सुडो एपीटी अपडेट, त्यापाठोपाठ सुडो एपीटी फुल-अपग्रेड. अपग्रेड अर्धवट तुटल्यामुळे काही पॅकेजं २२.०४ चीच राहिलेली असतात आणि ती पुढे भलत्याच वेळी डोकं वर काढतात. दुसरं, जुने कर्नल आता रीतसर काढा:

डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज

या यादीतल्या ५.१५ च्या आवृत्त्या एपीटी पर्जने. आरएमने फाइल उडवली तर डीपीकेजीच्या लेखी तो कर्नल अजून बसलेलाच असतो, त्याची ग्रबमध्ये नोंद राहते आणि निवडली की तुमच्यासारखं होतं. हाताने बसवलेले मेनलाइन (उबुंटूचे बदल नसलेले मूळ) कर्नल असतील तर तेही याच यादीत दिसतील. ते ऑटोरिमूव्हच्या भरवशावर सोडू नका. मात्र ६.८ ची पुढची आवृत्ती बसून नीट चालेपर्यंत एक ५.१५ ठेवा, आणि त्याची इनिटआरडी आता अपडेट-इनिटरामएफएस -सी ने परत बनवून घ्या. नाहीतर तो कर्नल ठेवून उपयोग शून्य.

७०० एमबीचं /बूट आजच्या इनिटआरडीला अपुरंच. फर्मवेअर आणि ग्राफिक्स मॉड्यूल्स धरून एकेक फाइल १०० एमबीच्या पुढे जाते, आणि नवी फाइल पूर्ण बनेपर्यंत जुनी शेजारी असतेच, म्हणजे अपडेटच्या क्षणी दोन्हींची जागा लागते. डीएफमध्ये पुरेशी वाटणारी मोकळी जागा ऐनवेळी कमी पडते ती यामुळे.

/बूट वाढवायचं म्हटलं तर पुढे लक्सचं पार्टिशन चिकटून बसलंय, त्याची सुरुवात सरकवायला सगळा डेटा हलवावा लागतो. त्यापेक्षा फाइलच लहान करा. /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/इनिटरामएफएस.कॉन्फ उघडा आणि कॉम्प्रेसची किंमत झेडएसटीडीऐवजी एक्सझेड करा. फाइल बनायला आणि सुरू होताना उलगडायला वेळ थोडा जास्त लागतो, तेवढं सोसायचं. त्याच फाइलमध्ये मॉड्यूल्स=मोस्टचं डेप केलं तर आकार बराच उतरतो, पण मग इनिटआरडी फक्त याच लॅपटॉपच्या हार्डवेअरपुरती बनते. डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावली तर ती उठेलच असं नाही. माझं मत: आधी एक्सझेड, डेप अगदीच गळ्याशी आलं तर. आणि डेपचा प्रयोग सीएचरूटमधून कधीच नको, सुरू झालेल्या सिस्टीमवर करा.

रिकामाप्रॉम्प्ट

क्रिप्टटॅबमधलं नाव एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट हेच निघालं. त्या नावाने उघडून परत बनवली, वॉर्निंग गेली, ग्रेपमध्ये क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब दिसलं. रीस्टार्टला पासवर्ड विचारला आणि २४.०४ चा डेस्कटॉप आला. फुल-अपग्रेडने आणखी ४१ पॅकेजं ओढली. एक्सझेड केल्यावर ६.८ ची इनिटआरडी लहान झाली, एक ५.१५ इनिटआरडीसकट ठेवलाय आणि तोही निवडून सुरू होतो हे तपासलं.