बँकॉक-सिंगापूर: जाताना साडेतीन तास, येताना दीडसुद्धा नाही?

जुळे_सोलापूर:
आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी निघालेत. आधी बँकॉक, चार दिवसांनी धाकट्या बहिणीकडे सिंगापूर. तिकिटं आल्यापासून बाबा पुठ्ठ्यावर हिशोब मांडून बसलेत. यंत्रमागावर जॉबर म्हणून आयुष्य गेलं, वेळेचा मेळ बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बँकॉकहून दुपारी १२.२० ला निघून सिंगापूरला ३.५० ला पोच. परत येताना १० ला निघून ११.२५ लाच बँकॉक! रस्ता तोच ना? बाबांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं आणि आईचे गुडघे फार वेळ दुमडून राहत नाहीत, म्हणून खरा वेळ हवाय ओ.

होटगी_रोड:
ताई, सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे आहे. दोन्ही वेळा मिळवून निम्मं करा, जेमतेम अडीच तास येतात. सरळ अंतर साधारण १,४०० किलोमीटर, सोलापूर-दिल्लीपेक्षा थोडं जास्त. नकाशात पाहिलं तर सिंगापूर बँकॉकच्या जवळजवळ खालीच आहे, सूर्य काही तासभर आधी उगवत नाही तिथं. पण १९८२ च्या सुरुवातीला मलेशियानं सगळ्या देशाची वेळ एक केली, तिच्यासोबत सिंगापूरनंही घड्याळ अर्धा तास पुढे नेलं. त्याआधी बँकॉकशी फरक अर्ध्याच तासाचा होता.
बाबांचं मनगटी घड्याळ सोलापूरच्या वेळेवरच राहू द्या. त्यात १०.५० ला निघतील, १.२० ला उतरतील. इन्सुलिनचा हिशोब त्यावरच मांडून डॉक्टरांना दाखवा.

विजापूर_वेस:
मी सासू-सासऱ्यांना नेलं होतं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खालच्या सामानात टाकलं तर गारठून वाया जाऊ शकतं. आईंसाठी व्हीलचेअर दोन-तीन दिवस आधीच विमान कंपनीला सांगून ठेवा, मागायला संकोच करू नका. सिंगापूरचा व्हिसा लागतोच, शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
आणि बँकॉकमध्ये विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एक शहराच्या पूर्वेला, एक उत्तरेला. परतीची तिकिटं नीट बघा.

जुळे_सोलापूर:
आत्ताच बघितली. सिंगापूरहून येणारं विमान डॉन मुआंगला ११.२५ ला उतरतंय आणि मुंबईचं सुवर्णभूमीवरून २.१० ला! तिकिटं वेगवेगळी काढलेली, म्हणजे इमिग्रेशन, सामान, टॅक्सी, पुन्हा चेक-इन, सगळं पावणेतीन तासांत, तेही आईला घेऊन. मुंबईचं तिकीट आजच दुसऱ्या दिवसावर घेते. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते बघितलंच नसतं.
बाबांनी पुठ्ठ्यावर १०.५० ते १.२० लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

विजापूर_वेस:
रात्रीची खोली सुवर्णभूमीजवळच बघा. आईंना सकाळी धावपळ नको.