कोअरवरचे (मुख्य स्विचवरचे) व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) फॅब्रिकवर (स्विचच्या नव्या जाळ्यावर) एका रात्रीत न्यायचे का?

कोअरवाला: कॅम्पसचे सगळे गेटवे (व्हीलॅनमधून बाहेर जायचा रस्ता) जुन्या कोअर जोडीवर, एचएसआरपी (दोघं मिळून एकच गेटवे चालवायची पद्धत) चालू. आता व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएन (व्हीलॅनचा डेटा आयपी पॅकेटमध्ये गुंडाळून नेणारं फॅब्रिक) येतंय. सुरुवात कुठून करू?

लीफस्पाइन: एका रात्रीत अजिबात नको रे. कोअर आणि बॉर्डर लीफ (फॅब्रिकच्या कडेचे स्विच) जोडीत एकच पोर्ट-चॅनल ट्रंक (अनेक तारांची मिळून एक लिंक, सगळे व्हीलॅन नेणारी) टाक, गेटवे कोअरवरच राहू दे, आधी सर्व्हर हलव मग एकेक व्हीलॅनचा गेटवे. आणि एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) बघ, व्हीएक्सलॅनच्या गुंडाळणीने ५० बाइट वाढतात, साधा पिंग जातो पण मोठी फाइल लटकते.

रात्रपाळी: दुसऱ्या लीफवर वेगळी लिंक टाकू नकोस, बऱ्याच फॅब्रिकमध्ये बीपीडीयू (लूप रोखणाऱ्या स्पॅनिंग ट्रीचे संदेश) पलीकडे जातच नाही, लूप झाला (पॅकेट गोल फिरत राहिली) तर स्पॅनिंग ट्रीला कळणारही नाही.

कोअरवाला: गेटवेचा आयपी तोच ठेवला तर चालेल ना?

लीफस्पाइन: आयपी तोच, पण मॅक (हार्डवेअर पत्ता) बदलतो, जुने प्रिंटर-कॅमेरे एआरपी (कुठल्या आयपीचा मॅक कोणता ही जुनी नोंद) धरून बसतात. एचएसआरपीला आधीच एनीकास्ट गेटवेचा (फॅब्रिकमधल्या सगळ्या लीफवर एकसारखा असणाऱ्या गेटवेचा) मॅक देऊन ठेव.