समुपदेशन कक्षातली माहिती कॉलेजच्या हाती का म्हणून?

बर्डीवाली

माझी धाकटी बहीण नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात तिथे सगळ्यांकडून 'वेलबीइंग फॉर्म' भरून घेतला. साधा गूगल फॉर्म. वर नाव, रोल नंबर, जातीचा प्रवर्ग, होस्टेलची खोली, पालकांचा मोबाइल. खाली नऊ प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत झोप लागत होती का, जेवण जात होतं का, कशातच मन लागत नाही असं झालं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ही पीएचक्यू-९, नैराश्य तपासायची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली. तिचा नववा प्रश्न मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, हा आहे. फॉर्म भरला नाही तर आयकार्ड मिळणार नाही, असं सांगितलं होतं.

उत्तरांची शीट सगळ्या मेंटॉर प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली. लिंक ज्याच्याकडे, त्याला ती उघडते. ज्यांची बेरीज जास्त, त्यांच्या ओळी लाल रंगवलेल्या. बहिणीच्या वर्गातल्या एका मुलीला भर लॅबमध्ये सांगितलं, "तुझं लाल आलंय, ऑफिसात जाऊन भेट." ती मुलगी ऑफिसातही गेली नाही आणि समुपदेशकांकडेही गेली नाही. आता म्हणते, पुढच्या वेळी सगळीकडे शून्य लिहीन.

माझं म्हणणं एवढंच. मुलं समुपदेशकाला जे सांगतात ते समुपदेशकाकडेच राहावं. प्राचार्य, विभागप्रमुख, प्लेसमेंट सेल, कुणाच्याही हाती नावानिशी जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा, असं त्यात आहे. आणि त्याच सूचनांमध्ये नोंदी नाव न ठेवता ठेवा, वर्षाचा अहवाल आकड्यांत द्या, असंही आहे. पहिलं वाक्य सगळ्या कॉलेजांनी वाचलं, दुसरं कुणी वाचलेलं दिसत नाही.

होस्टेल_रेक्टर

ताई, शीट ग्रुपवर टाकली हे चूकच. लॅबमध्ये बोलले ते तर त्याहून वाईट. पण "कुणाच्याही हाती जाऊ नये" हे मले पटत नाही.

आमच्याकडे समुपदेशक मॅडम मंगळवार आणि शुक्रवार येतात, अकरा ते दोन. बाकीचा आठवडा कोण पाहते? रात्री दीड वाजता खोली आतून बंद आहे, पोट्टी फोन उचलत नाही, तेव्हा दार तोडाले मी जातो. मेडिकल हॉस्पिटलात घेऊन मी जातो. पोलिसांचे प्रश्नही मलेच. आणि नंतर समजते की तिनं पंधरा दिवस आधी फॉर्मात सगळं लिहून ठेवलं होतं. काहून सांगितलं नाही मले? तर म्हणे, गोपनीय होतं.

कोणत्या खोलीत कोण आहे, कोणाले एकटं ठेवू नये, छतावरच्या जिन्याले कुलूप कधी लावायचं, हे ज्याले ठरवाचं आहे त्याले काहीतरी कळलंच पाहिजे. तिच्या घरचं भांडण मले नको. पण धोका आहे एवढं तरी सांगा.

बर्डीवाली

सर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि कायद्यालाही मान्य आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. त्यातच अपवादही लिहिले आहेत: जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल, न्यायालयाचा आदेश असेल. पण तेव्हासुद्धा धोका टाळायला लागते तेवढीच माहिती द्यायची. "आज रात्री खोली क्रमांक अमुकमध्ये लक्ष ठेवा" एवढं तुम्हाला कळावं, आणि तेही समुपदेशकाच्या तोंडून. नऊ उत्तरांची अख्खी ओळ तीस जणांच्या मोबाइलमध्ये कशासाठी?

काटोलरोडचा_बाप

मी शेतकरी माणूस. संत्र्याचा बगीचा आहे. या वर्षी बहार गळाला तरी पोरीची फी भरली. आता मले सांगता का तिच्या मनात काय चाललं ते कॉलेजले कळन, त्या मॅडमले कळन, मलेच कळू नाही?

अठरा वर्षं झाले म्हणून ती माझी राहिली नाही का? कॉलेजवाले फक्त फी थकली की फोन करतात. पोरगी आजारी आहे हे आम्हाले शेवटी कळते. डेंग्यू झाला तर फोन येते ना? मग मनाचं दुखणं झालं तर फोन काहून नाही? तुम्ही सगळे शिकलेले आहात, पण ज्याच्या घरचं लेकरू आहे त्याच्या बाजूनं एकही जण बोलत नाही इथं.

गडचिरोलीकडचा

काका, तुमच्यासारखे वडील असतील तर फोन जावाच. माझ्या रूममेटच्या घरी असाच फोन गेला होता. मेंटॉरनी केला, त्याला न विचारता. तिसऱ्या दिवशी वडील आणि काका येऊन त्याला घेऊन गेले. डॉक्टरकडे नाही नेलं, देवऋष्याकडे नेलं. सत्र बुडालं. घरच्यांचं प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण तो समुपदेशनाला ज्या गोष्टीसाठी जात होता, ती घरातलीच होती.

अजून एक. त्या फॉर्ममध्ये प्रवर्ग का विचारला? आम्ही स्कॉलरशिपवर शिकणारी मुलं. वर्गात आधीच काही जण "यांना झेपत नाही" म्हणतात. एका शीटवर एसटी आणि त्याच ओळीत लाल रंग, हे वाचणारा काय समज करून घेईल? आणि फॉर्म पूर्ण इंग्रजीत होता. आमच्याकडची कितीतरी मुलं पहिल्या वर्षाला इंग्रजी अडखळत वाचतात. त्यांनी संमतीच्या चौकोनात टिक केली, पण कशाला केली ते त्यांना माहीत नव्हतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायला सांगितली आहे. मराठी त्यात आहे.

मी स्वतः कॉलेजच्या कक्षात जात नाही. टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करतो. मराठीत बोलता येतं आणि माझा रोल नंबर कुणी विचारत नाही.

कायद्याचं_बोलू

कायद्यावर इतका भरवसा ठेवू नका, म्हणून थोडं थंड पाणी ओततो. २०१७ चा कायदा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीवर उपचार करणाऱ्यांना बांधतो. एम.ए. करून कॉलेजात कंत्राटावर लागलेले समुपदेशक त्या कायद्याच्या व्याख्येत बसतातच असं नाही. २०२३ चा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे; कपाटातलं कागदी रजिस्टर स्कॅन केलं नाही तोवर त्याच्या बाहेर. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक बंधनांना अठरा महिन्यांची मुदत आहे.

म्हणजे आज तरी कॉलेजची स्वतःची लेखी नियमावली हाच आधार. ती नसेल तर कलमं सांगून उपयोग नाही. आणि मी कॉलेजच्या जागी असतो तर नोंदी प्रशासनाकडेच ठेवल्या असत्या. कंत्राटी समुपदेशक मार्चमध्ये सोडून गेला आणि वही घरी घेऊन गेला, तर जबाबदार कोण?

मेंटॉर_२०

मी प्राध्यापक आहे. माझ्याकडे वीस मुलं आहेत. नॅक, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, तपासणीला येते तेव्हा मेंटॉर-मेंटी (प्राध्यापक आणि त्याच्याकडे सोपवलेली मुलं) व्यवस्थेचे पुरावे मागतात. मग आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजातलाच गुणवत्ता कक्ष, म्हणते, भेटीच्या नोंदी द्या, सह्या द्या, फोटो द्या. रजिस्टरमध्ये 'समस्या' नावाचा रकाना असतो, तो रिकामा ठेवला तर काम केलं नाही असं धरतात. त्या रकान्यात मी काय लिहू? "वडील दारू पितात" असं लिहिलेलं रजिस्टर मी पाहिलं आहे. शेजारी मुलाची सही होती.

शीट मागणारे आम्ही सगळे वाईट नाही हो. मला खरंच काळजी असते. पण बेरीज सतरा आली तर तिचं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

समुपदेशक_धंतोली

मी कॉलेजांमध्ये हे काम करते, म्हणून माझी पद्धत सांगते.

दोन वह्या. पहिलीत नाव आणि एक क्रमांक, एवढंच. दुसरीत फक्त क्रमांक आणि सत्राच्या नोंदी. दोन्ही वेगळ्या कपाटांत. पहिल्या वहीच्या कपाटाच्या दोन किल्ल्या: एक माझ्याकडे, एक सीलबंद पाकिटात प्राचार्यांकडे. पाकीट फोडलं तर कधी आणि का, हे लिहून सही करायची. मी सोडून गेले तर वह्या पुढच्या समुपदेशकाकडे जातात, माझ्या घरी नाही. कायद्याचं बोलणाऱ्या सरांचा प्रश्न यात सुटतो, आणि त्यासाठी नोंदी ऑफिसात न्याव्या लागत नाहीत. वर्षाच्या शेवटी कॉलेजला मी आकडे देते: किती जण आले, किती जणांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. मेंटॉर सर, आयक्यूएसीला हेच दाखवा. 'समस्या' रकाना छापूच नका.

पीएचक्यू-९ बद्दल मात्र मला रेक्टर सरांपेक्षाही कडक बोलायचं आहे. नववा प्रश्न विचारला तर त्याच दिवशी उत्तर वाचणारं माणूस हवं. शनिवारी फॉर्म भरून घेतला आणि शीट बुधवारी उघडली, तर ती नुसती माहितीची हेळसांड नाही, जिवाशी खेळ आहे. वाचणारं कुणी नसेल तर तो फॉर्मच काढू नका. आणि बेरीज म्हणजे निदान नाही. सतरा आले म्हणजे या मुलाशी आज कुणीतरी जाणकारानं बोलावं, एवढाच त्याचा अर्थ.

काका, तुमच्यासाठी: पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहायला लावते. तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर फोन कुणाला करू? नाव, नंबर, सही. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं आई किंवा वडीलच लिहितात. काही मावशी लिहितात, कुणी थोरला भाऊ. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात, तिथे पालक आपोआप येतात.

काटोलरोडचा_बाप

चिठ्ठी चांगली आहे, मॅडम. पण पोरीनं माझं नाव नाही लिहिलं तर?

समुपदेशक_धंतोली

तर मी तिला कारण विचारते, आणि तुम्हाला कळवलं तर काय होईल असं तिला वाटतं, तेही विचारते. कितीतरी वेळा दोन-तीन भेटींनंतर मुली स्वतःच म्हणतात, "तुम्ही बाबांशी बोला, मला जमत नाही." तेव्हा तिच्यासमोर बसून फोन लावते. पण ती नाहीच म्हणाली आणि धोका नसेल, तर मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला राग येईल, तरी नाही.

काटोलरोडचा_बाप

राग येतेच. पण तुम्ही तोंडावर सांगितलं. मी या रविवारी पोरीले भेटाले येतो नागपूरले, तिलेच विचारतो चिठ्ठीवर कोणाचं नाव लिहिलं ते. नाही सांगितलं तर जबरदस्ती करणार नाही.

होस्टेल_रेक्टर

वह्या, किल्ल्या, चिठ्ठी, सगळं मान्य. पण मंगळवार-शुक्रवार सोडून ज्या रात्री येतात त्याचं काय? चिठ्ठी मॅडमच्या कपाटात आणि मॅडम घरी. मले रात्री एक नंबर पाहिजे जो उचलला जाईल आणि "हो, धोका आहे" किंवा "नाही" एवढं सांगन. व्यवस्थापन कंत्राटी माणसाले रात्रीचे पैसे द्यायले तयार नाही, हे मी विचारून पाहिलं आहे.

बर्डीवाली

सर, मग हीच मागणी लेखी करू. बहिणीच्या वर्गातल्या मुली प्राचार्यांना पत्र देत आहेत: शीट सगळ्यांच्या मोबाइलमधून काढा, प्रवर्गाचा रकाना काढा, आयकार्डची अट काढा, फॉर्म मराठीतही द्या. पाचवा मुद्दा तुमचा घालते: समुपदेशक पूर्णवेळ नेमा आणि रात्रीचा फोन त्यांच्या नेमणूकपत्रात, मोबदल्यासकट, लिहा. तुमच्या होस्टेलचं पत्र तुम्ही तुमच्या व्यवस्थापनाला द्याल का? मसुदा मी पाठवते.

होस्टेल_रेक्टर

पाठवा. सही करतो.