आईची भाकरी ओळखणारं शुगरचं अ‍ॅप कुणाच्या माहितीत आहे का?

कृष्णाकाठ
नमस्कार. आई ६६ वर्षांची, मिरजेजवळ गावी असते, मी पुण्यात. शुगर निघून नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, ८.९ आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आहेत त्याच ठेवू, आधी जेवणाकडे बघा. म्हणून मी पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं आणि तिच्या फोनवर टाकून दिलं. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राईस, रात्री परतलेली ब्रोकोली. गावच्या बाजारात ब्रोकोली येतच नाही. भाकरी शोधली तर 'रोटी, १ नग'. सूचना सगळ्या इंग्रजीत. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तिनं फोन कपाटात ठेवून दिला. आठव्या दिवशी मला म्हणाली, "बाई, माझ्या ताटात काय असतं ते त्याला ठाऊकच नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मराठीत चालणारं, भाकरी, पिठलं, आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि महिन्याच्या दोन एकादश्या धरून सल्ला देणारं काही आहे का? तिला टाइप करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवणं आणि फोटो काढणं मात्र छान जमतं.

तळकोकण
वडिलांच्या वेळी आम्ही यातूनच गेलो. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात. अ‍ॅप बदलून काही झालं नाही, घरातली मापं मोजल्यावर झालं. एका रविवारी वजनकाटा घेऊन बसलो. रोजची वाटी, भाताचा डाव, पेजेचा वाडगा, सगळं एकदा मोजून लिहिलं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आपला पदार्थ आपल्या मापानं साठवता येतो. ते काम तुम्ही पुण्यात बसून करा, आईंवर टाकू नका. हेल्दीफायमीत भारतीय पदार्थ भरपूर आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेचं 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ'ही आहे, तेही बघा.

डाळतांदूळ
गुळाचा चहा घेत असतील तर तोही मोजा. आमच्याकडे गूळ चालतो म्हणून दोन वर्षं चालला होता.

सोलापुरी आहारतज्ज्ञ
मी याच कामात आहे म्हणून सविस्तर लिहिते. ज्वारी शुगरला चांगली, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की भाकरी मोजायचं कुणाला सुचतच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. गावाकडची तवाभर भाकरी ८०-९० ग्रॅम पिठाची. म्हणजे एका भाकरीत साठेक ग्रॅम. पातळ फुलका ३० ग्रॅम कणकेचा धरला तर त्यात वीसेक. 'रोटी, १ नग' लिहून आई एका भाकरीमागे दोन फुलके कमी मोजत होत्या आणि त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

भाकरी बंद करू नका. लहान करा आणि जेवताना भाकरीच्या आधी मूग किंवा मटकीची उसळ वाटीभर, कोशिंबीर आणि ताक येऊ द्या.

आता महत्त्वाचं. गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड हे शुगर उतरवणारं औषध आहे का? असेल तर एकादशीला गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं की शुगर खाली जाऊ शकते आणि नंतर साबुदाण्याची खिचडी खाल्ली की एकदम वर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. भगर थोडी, सोबत दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, असं करता येतं. उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. आपल्या मनानं बंद करू नका. थरथर, घाम, घाबरंघुबरं झालं आणि मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.

अ‍ॅपपेक्षा मी सांगेन, मराठी बोलणारी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ शोधा, जी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून उत्तर देईल. नावापुढे 'आरडी' (रजिस्टर्ड डाएटिशियन) आहे का विचारा. आईंनी ताटाचा फोटो आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मीटरचा आकडा पाठवायचा. रोज नको, आठवड्यातून तीनदा पुरे. पट्ट्या महाग असतात.

निशिगंध
परवडत असेल तर दंडावर लावायचा, शुगर सतत मोजणारा सेन्सर एकदा लावून बघा, १४ दिवस चालतो. सासूबाईंना नुसत्या पोह्यांनंतरची आणि मोड आलेले मूग घातलेल्या पोह्यांनंतरची रेघ शेजारी शेजारी दाखवली. त्यानंतर मूग त्या स्वतःच भिजत घालतात.

कृष्णाकाठ
साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. ग्लिमेपिराइड होतीच. डॉक्टरांनी एकादशीचा डोस वेगळा लिहून दिला. इतकी वर्षं आम्ही विचारलंच नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर आईनं भाकरीचं पीठ काट्यावर ठेवलं, ९२ ग्रॅम. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. मग त्यातलं पीठ काढत काढत ५० वर आणलं आणि म्हणाली, "एवढी तर मी तुला डब्यात द्यायचे." आता एका वेळी तशी एकच थापते. सांगलीच्याच एक आहारतज्ज्ञ मिळाल्या, त्या तिला बोलून उत्तर पाठवतात. ती ते दोनदा ऐकते आणि मग शेजारच्या काकूंनाही ऐकवते. जेवणानंतरची शुगर २६२ होती, काल १९४.

शेतात हुरडा आलाय. ती विचारतेय, भाकरीच्या जागी वाटीभर खाल्ला तर चालेल का?

सोलापुरी आहारतज्ज्ञ
चालेल, भाकरीच्या जागी, भाकरीवर नाही. सोबत दह्यातली चटणी घ्या, गूळ नको. दोन तासांनी तपासायला सांगा आणि आकडा इथे टाका.