दीडशे मीटरच्या प्लॉटला परवानगी हवीच कशाला?

पायाभरणी (धागाकर्ता)

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून अख्ख्या महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, युडीसीपीआर. त्यातलं एक कलम वाचून मी खूश झालो होतो. प्लॉट 150 चौरस मीटरपर्यंत असेल तर लायसनवाल्या इंजिनिअरच्या किंवा आर्किटेक्टच्या सहीचा नकाशा द्या, पैसे भरा, पावती हीच परवानगी. 150 ते 300 मीटर असेल तर दहा दिवसांत निकाल.

माझा प्लॉट 140 मीटरचा, म्हणजे दीड गुंठाही नाही. पावती घेऊन घरी आलो, जोत्याचं खोदकाम काढलं, आणि आठवड्याने निरोप आला: काम थांबवा, साहेबांची सही झालेली नाही. कलम दाखवलं तर उत्तर मिळालं, "ते शासनाचं झालं, आमच्याकडे अशी पद्धत नाही." मग सात महिने, तीन त्रुटीपत्रं. दोन पावसाळ्यांच्या मधला कोरडा काळ असा टेबलावर गेला. खड्ड्यात बेडकं झाली.

माझं म्हणणं : 500 मीटरपर्यंतच्या राहत्या घराला परवानगीच नको. इंजिनिअर सही करेल, तोच जबाबदार. नगरपालिकेने दहातलं एक घर तपासावं आणि खोटं सापडलं तर लायसन कायमचं काढून घ्यावं.

गजमाप

असहमत. आणि आधी हे सांगा, त्या तीन पत्रांत त्रुटी काय होत्या?

मी स्ट्रक्चरचं काम करतो. आमच्या धंद्यात सही विकत मिळते, हे इथे कुणीतरी बोलायला हवं. साइटचं तोंडही न बघता वर्षाला चाळीस-पन्नास घरांवर सह्या करणारे लोक मला माहीत आहेत. डिझाइनमध्ये 16 मिलिमीटरची सळई, साइटवर 12 ची, कारण मिस्त्री म्हणाला "एवढ्याला लागत नाही". महाड आठवतंय? 24 ऑगस्ट 2020, तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, वय जेमतेम सात वर्षं, 16 माणसं गेली. आरोपींत बिल्डरसोबत आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारही होते. तुमच्या योजनेत सगळा भार याच मंडळींवर टाकताय.

पायाभरणी

महाडचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं की. त्या गुन्ह्यात नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांचीही नावं होती. म्हणजे साहेबांची सही होतीच, तरी इमारत पडली. मग माझे सात महिने कुणाच्या सुरक्षेसाठी गेले?

गजमाप

आणि शिळफाट्याचं लकी कंपाउंड? 4 एप्रिल 2013, इमारत कोसळून 74 मृत्यू. तिथे परवानगीच नव्हती. परवानगी असूनही पडते म्हणून परवानगीच काढून टाका, हा हेल्मेट घालूनही माणूस मेला म्हणून हेल्मेट फेका असला हिशोब झाला.

त्रुटींचं सांगितलं नाहीत अजून.

जुना टेबलवाला

तीस वर्षं नगरपालिकेत काढली, शेवटची नऊ बांधकाम विभागात. शिव्या खायची सवय आहे, म्हणून लिहितो.

कनिष्ठ अभियंता एक. त्याच्याकडेच पाण्याची गळती, रस्त्याचे खड्डे, निवडणुकीची ड्युटी. साइटवर तो कधी जाणार? म्हणून कागद तपासतो. कागद तपासणं हेच आमच्याकडे तपासणी म्हणून चालत आलंय.

आता आतली गोष्ट. एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं मानायचं. पण ते 60 दिवस अर्जापासून किंवा त्रुटीला तुम्ही दिलेल्या उत्तरापासून, जे नंतरचं असेल तिथून मोजतात. त्यामुळे पंचावन्नाव्या दिवशी "मोजणी नकाशा सुस्पष्ट नाही" असं एक पत्र काढलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. तुम्ही उत्तर द्या, मग दुसरं पत्र. हे मी केलेलं आहे. दर वेळी पैशासाठी नाही, बऱ्याचदा फाइल बघायला वेळच नसायचा म्हणून.

खरी सुधारणा हवी असेल तर एवढीच करा : त्रुटी एकदाच आणि सगळ्या एकत्र कळवायच्या, दुसऱ्या पत्राने घड्याळ मागे जाणार नाही. ऑनलाइन करून हे सुटलं नाही. आता पत्र पोर्टलवर येतं, बाकी तेच.

खिडकीखाली

सगळे नियम बांधणाऱ्याच्या बाजूने वाचताय. मी शेजारी आहे.

आमच्या पूर्वेच्या प्लॉटवर असंच "पावती हीच परवानगी" म्हणून घर उभं राहिलं. साइड मार्जिन, म्हणजे घराच्या बाजूला सोडायची मोकळी जागा, नकाशात आहे, जमिनीवर नाही. स्वयंपाकघरात आता दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. तक्रार केली तर म्हणतात, स्लॅब पडला, आता काय करणार, दंड भरून नियमित होईल. दंड नगरपालिकेला, उजेड माझा गेला. पूर्वी निदान काम सुरू व्हायच्या आत हरकत घ्यायची सोय होती. ती काढून टाकणाऱ्यांना माझा कडक विरोध.

एक गुंठा फक्त

तुमचं भांडण बिनशेती प्लॉटवाल्यांचं. आमच्या अख्ख्या वस्तीत सात-बारावर पंधरा-पंधरा नावं, रस्ता नऊ फुटी, परवानगीला अर्ज करायचीच सोय नाही. असे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले बेकायदा प्लॉट नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. पिंपरी-चिंचवडला शास्ती कर, म्हणजे बेकायदा बांधकामावरचा दंडाचा कर, आधी लावला, मग माफ केला. लोक एवढंच शिकले की आधी बांधा, कायदा मागून येतो. आणि पायाभरणी साहेब, तुम्ही सात महिने रांगेत उभे राहिलात. आमच्याकडे तेवढ्यात वास्तुशांत होते.

गजमाप

जुना टेबलवाला यांच्याशी निम्मा सहमत. पण एकत्र त्रुटी काढूनही सळई 12 चीच राहील. मी कागद कमी करायला तयार आहे, अगदी 300 मीटरपर्यंत पावतीवर चालू द्या. बदल्यात साइटवरच्या दोन तपासण्या सक्तीच्या करा. जोत्याला एकदा, तेव्हा मार्जिन दोरी लावून मोजा, म्हणजे खिडकीखाली यांच्यासारख्यांना तिथेच हरकत घेता येईल. आणि स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी एकदा, सळई उघडी असताना. नगरपालिकेकडे माणूस नसेल तर दुसऱ्या तालुक्यातला इंजिनिअर चिठ्ठी टाकून पाठवा, फी मालकाने भरावी. कॉलम ओतल्यावर आत काय आहे ते कुठल्याही साहेबाला दिसत नाही.

आता तिसऱ्यांदा विचारतो.

पायाभरणी

ठीक आहे. पहिलं पत्र : मोजणी नकाशाची प्रत अस्पष्ट. दुसरं : आईच्या नावात सात-बारावर "बाई" आहे, आधारवर नाही.

तिसरं : जिन्याचं मधलं लँडिंग साइड मार्जिनमध्ये दीड फूट येतंय. ते येत होतं. इंजिनिअरला मीच म्हटलं होतं, घ्या बाहेर, खोली मोठी मिळेल. त्याने सही केली.

पहिली दोन पत्रं मी अजूनही फाडून टाकण्याच्या लायकीचीच समजतो. जिना आत घेतला आहे. त्या बाजूला शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे, हे खिडकीखाली यांची पोस्ट वाचेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

खिडकीखाली

आलं ना ध्यानात. आता जोत्यावर दोरी लावाल तेव्हा त्यांना बोलवा.