मदत हवी आहे: एंडोकार्प आणि एंडोस्पर्म

मुलगी अकरावीला, सायन्सला आहे. एंडोकार्प आणि एंडोस्पर्म यांत तिचा सारखा घोळ होतो. शेवटी नारळच फोडला. करवंटी म्हणजे एंडोकार्प, फळाच्या भिंतीचा सर्वांत आतला थर. खोबरं आणि पाणी हे एंडोस्पर्म, म्हणजे बीमधला अन्नसाठा. शहाळ्याच्या पाण्यात पेशीभित्तिका न बनता नुसती केंद्रकं तरंगतात, हे तिला भलतंच आवडलं. आंब्याच्या कोयीचं टणक कवचही एंडोकार्प, इथवर पटलं. पण संत्र्याच्या फोडीतल्या रसाच्या पिशव्याही त्याच थरापासून तयार होतात म्हटल्यावर गाडी अडली. एकीकडे लाकडासारखा, दुसरीकडे रसाळ, असं कसं? करवंटीतल्या दृढ ऊतीपर्यंत (जाड भित्तिकांच्या टणक पेशींचा समूह) मी सांगू शकते, पुढे अडते. वनस्पतिशास्त्र शिकवणारं कुणी आहे का इथे? सोप्या शब्दांत सांगाल का?