ओपन ॲपेक्सच्या दातात रक्त वर येत नाही, पीआरएफ (रुग्णाच्याच रक्ताची, प्लेटलेट भरलेली फायब्रिनची गुठळी) घालावं का?

कृंतक_११:
वय ९, वरचा पुढचा दात, पल्प (आतला मऊ गाभा) मृत, मुळाचं टोक उघडं. तीन आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आता लक्षणं नाहीत. दुसऱ्या सिटिंगला, मुळाच्या पोकळीत रक्ताची गुठळी बनावी म्हणून फाइल फिरवली, जेमतेम ठिपकाभर रक्त. भुलीला लिग्नोकेन ॲड्रेनलिनसह, शेवटचा वॉश जंतुनाशक हायपोक्लोराइटचा. थेट पीआरएफ?

मुळाशी:
आधी ॲड्रेनलिन काढा, त्यानेच टोकाकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. ३% मेपिव्हाकेन किंवा साधं लिग्नोकेन द्या. वाकवलेली के-फाइल (मूळ साफ करायची बारीक सुई) टोकाच्या २ मिमी पलीकडे नेऊन फिरवा.

वॉशचा क्रम त्याहून महत्त्वाचा. दात घडताना टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफसारखे ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिनं) डेंटिनमध्येच, म्हणजे दाताच्या कठीण भिंतीतच, बंदिस्त होतात. ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) वरचं खनिज काढतं आणि ते मोकळे होतात. म्हणून शेवटी १७% ईडीटीए, २० मिली, घाई न करता. त्यावर पुन्हा हायपोक्लोराइट मारलंत तर सोडवलेलं सगळं वाया, शिवाय स्टेम सेल त्या भिंतीवर नीट टिकत नाहीत. पहिल्या सिटिंगलाही १.५% पुरे, ५.२५% ची हौस इथे नको.

हिरडीकर:
पीआरएफ घ्यायचंच तर १० मिलीची साधी काचेची ट्यूब. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, गुठळी होणारच नाही. रक्त काढल्या काढल्या सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये. उशीर झाला तर ट्यूबमध्येच गोठतं आणि फायब्रिन विस्कळीत बनतं. २७०० आरपीएम, १२ मिनिटं हे सगळे पाठ म्हणतात, पण रोटरची त्रिज्या ८ सेंमी असेल तर बल सुमारे ६५० जी (गुरुत्वाच्या ६५० पट), ११ सेंमीला जवळपास ९०० जी. मशीन बदललं की आकडा बदला.

पिवळी गुठळी कापताना लाल थराची पातळ कड ठेवा, प्लेटलेट तिथेच दाटतात. हिरडीच्या फ्लॅपखाली हीच गुठळी दाबून मेम्ब्रेन (पातळ पडदा) करतो: तिच्यातलं पीडीजीएफ फायब्रोब्लास्ट (ऊतक विणणाऱ्या पेशी) बोलावतं, व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या. मऊ ऊतक छान भरतं. मोठ्या हाडाच्या खड्ड्यात मात्र एकटी गुठळी जागा धरून ठेवत नाही, ग्राफ्ट (हाडाचा भराव) मिसळा.

कृंतक_११:
आणि गुठळीची पातळी?

मुळाशी:
सीईजेच्या (एनॅमल संपून मूळ सुरू होतं ती रेषा) ३-४ मिमी खाली. पंधरा मिनिटं गोठू द्या, वर कोलॅजन ठेवा, नाहीतर एमटीए (वरून झाकायचं सिमेंट) दाबताना खाली घसरतं. पुढचा दात आहे, दात काळवंडू नये म्हणून करड्या एमटीएऐवजी बायोडेंटिन हे सिमेंट बरं. पालकांना आत नवा पल्पच उगवेल असं सांगू नका. बहुतेकदा सिमेंटमसारखं (मुळावरच्या कठीण थरासारखं), हाडासारखं ऊतक भरतं. मूळ लांब-जाड झालं तर उत्तम, पण आधी टोकाकडची सूज गेली पाहिजे.